यज्ञेश्वररावांनी चातुर्मासात सोडलेली गोळी

उज्जैनच्या माधव नगरात राहणारे यज्ञेश्वर दफ्तरदार कुणालाही आपली ओळख करून देताना प्रथम आडनाव सांगत आणि मग क्षणभर थांबत. त्या आडनावाचे वजन ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचावे, एवढाच त्या थांबण्याचा हेतू असे. पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात होते. कोणता कागद कोणत्या रुमालात बांधावा आणि रुमालाची गाठ कोणत्या बाजूला यावी, एवढ्यावर त्या घराण्याच्या कित्येक पिढ्या सुखाने जगल्या. "ही शिस्त आमच्या रक्तात उतरली आहे," असे यज्ञेश्वरराव मोठ्या समाधानाने म्हणत.

गेल्या श्रावणापासून मात्र त्यांनी ते वाक्य बदलले आहे. आता ते म्हणतात, "रक्तात काय उतरतं आणि काय उतरत नाही, या विषयावर मी यापुढे बोलू नये, असं आमच्या घरी ठरलं आहे." ऐकणारा कारण विचारतो. यज्ञेश्वररावांना तेच हवे असते, कारण स्वतःच्या मूर्खपणाची हकीकतसुद्धा क्रमवार सांगितली गेली पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. ती हकीकत अशी.

यज्ञेश्वररावांनी सारी नोकरी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवण्यात घालवली. अंतःस्रावी ग्रंथींचा तक्ता भिंतीवर टांगून, हातात वेताची छडी घेऊन ते दरवर्षी सांगत, "स्टेरॉइड जातीची संप्रेरकं शरीरात अधिवृक्क ग्रंथींत तयार होतात. त्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या असतात. दुसरं ठिकाण जननग्रंथी. गर्भारपणात वार, म्हणजे प्लॅसेंटा, हे तिसरं. चौथं ठिकाण लिहिणाऱ्याचा एक गुण कापला जाईल." आणि तो गुण ते खरोखरच कापत. ज्यांचे गुण कापले गेले, त्यांतले काही पुढे डॉक्टर झाले. डॉ. श्रीधर गर्गे हे त्यांपैकीच एक.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी एके सकाळी यज्ञेश्वररावांना अंथरुणावर उठून बसता येईना. खांदे आणि कंबर लाकडासारखी झाली होती. काही दिवस त्यांनी दोष गादीला दिला, मग उशीला, मग पत्नी सुलूताईंनी खोलीत चालू ठेवलेल्या पंख्याला. शेवटी डॉ. श्रीधरांनी तपासण्या करून स्नायूंच्या दाहाचे एक लांबलचक नाव सांगितले आणि स्टेरॉइडची गोळी सुरू केली. दोन दिवसांत यज्ञेश्वरराव सदऱ्याच्या बाह्यांत आपले आपण हात घालू लागले. त्या आनंदात त्यांनी सगळ्या सदऱ्यांच्या घड्या नव्याने घातल्या.

पण गोळी म्हटली की तिचे उपकारही आले आणि भाडेही आले. रक्तातली साखर वाढली. चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा वाटोळा झाला. आरशासमोर दाढी करताना त्यांना हा कोण अनोळखी हलवाई आपल्या खोलीत शिरला, असे वाटे.

"ही गोळी मला सोडायची आहे," त्यांनी श्रीधरांना सांगितले.

"सोडायचीच आहे, सर. पण पायरी-पायरीने. वर्षभर बाहेरून स्टेरॉइड मिळालं की तुमच्या अधिवृक्क ग्रंथी झोपून जातात. त्यांना हळूहळू उठवायचं. जिना सोडून उडी मारायची नाही."

"हे तू मला शिकवतोस?"

"तुम्हीच मला शिकवलंत, सर. मी फक्त आठवण करून देतोय."

इथपर्यंत सारे शास्त्रशुद्ध होते. बिघाडाला सुरुवात झाली ती ईराच्या फोनपासून.

ईरा ही यज्ञेश्वररावांची नात, त्यांच्या मुलाची मुलगी. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत ती नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिलांवर संशोधन करते. दर रविवारी सकाळी ती फोन करी आणि आबांना काहीतरी टोचून बोलल्याखेरीज फोन ठेवत नसे.

"आबा, तुमचं चौथं ठिकाण सापडलं."

"कसलं चौथं ठिकाण?"

"स्टेरॉइड बनवण्याचं. थायमस. प्लीहा. लसिका गाठी. हाडातला मगज. शरीराच्या संरक्षणाची जेवढी ठाणी आहेत ना, ती सगळी आपापल्यापुरतं स्टेरॉइड तिथल्या तिथे बनवू शकतात."

"गुण कापला जाईल."

"कापा. माझा लेख छापून आला आहे. पाठवते."

लेख आला. यज्ञेश्वररावांनी तो चुका काढण्याच्या पवित्र हेतूने वाचायला घेतला आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा सगळा आवेश गळून गेला. लेख चोख होता. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. शरीराच्या रक्षक पेशी तिथे शिक्षण घेतात आणि परीक्षा देतात. जी पेशी आपल्याच शरीरावर हात उगारते, ती नापास होते आणि तिथेच संपते. या परीक्षेच्या वेळी स्टेरॉइडची एक सूक्ष्म मात्रा हवी असते, आणि ती मात्रा थायमस स्वतःच्या हाताने तयार करते. पिलांच्या अधिवृक्क ग्रंथी जवळजवळ गप्प असतानाही थायमसमध्ये ती मात्रा सापडते.

जन्मभर पर्यवेक्षण केलेल्या माणसाला दुसरे काय हवे? शरीरात एक परीक्षा-केंद्र आहे, तिथे कडक शिस्त आहे आणि त्या केंद्राला लागणारी सामग्री केंद्रातच तयार होते, हे वाचून यज्ञेश्वररावांचा ऊर भरून आला. काल विरोधात असलेला माणूस आज नवी माळ घातल्यासारखा वागू लागला. दूधवाल्याला, पोस्टमनला, शेजारच्या बँकवाल्यांना ते थायमसचा महिमा सांगू लागले. आणि मग एका दुपारी, आरामखुर्चीत पडल्या पडल्या, त्यांच्या मनात एक विचार आला. तो विचार इतका सुसंगत होता की त्याची शंका यायला हवी होती.

अधिवृक्क ग्रंथी झोपल्या असतील तर झोपोत. प्लीहा जागी आहे. लसिका गाठी जाग्या आहेत. मगज जागा आहे. एवढी ठाणी स्वतःचा माल स्वतः बनवत असताना बाहेरून गोळी आणण्याचे कारण काय?

आषाढी जवळ आली होती. सुलूताई दर चातुर्मासात काहीतरी सोडत. कांदा-लसूण तर सुटतच असे, शिवाय एक खास नेम असे. एका वर्षी मीठ वरून घेणे सोडले, एका वर्षी पलंगावर निजणे. यज्ञेश्वरराव दरवर्षी त्याची थट्टा करत. इथे तर थट्टेला श्रावणही दोन मिळत: आजूबाजूच्या लोकांचा सावन पौर्णिमेनंतर लगेच सुरू होई आणि दफ्तरदारांचा श्रावण अमावास्येनंतर. महाकाळाची सवारी, म्हणजे देवाची पालखी, दोन्ही श्रावणांचे सोमवार सांभाळून निघे, तेव्हा सुलूताईही दोन्ही सांभाळत. "देवाच्या घरीसुद्धा थकबाकी राहू नये म्हणून ही व्यवस्था," असे यज्ञेश्वरराव म्हणत.

"या चातुर्मासात मी वांगं सोडून राहिले आहे," सुलूताई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "तुम्ही पण काही सोडा. बोलणं सोडलंत तरी चालेल."

"यंदा मीसुद्धा नेम धरतो आहे."

सुलूताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "खरंच? काय सोडताय?"

"गुप्त नेम आहे. सांगितला तर फळत नाही."

सुलूताईंना इतका आनंद झाला की त्यांनी तो नेम गल्लीभर सांगितला. "आमच्या ह्यांनी नेम धरला हो! काय ते नाही सांगत. पण धरला. उम्रभर मला हसत होते." यज्ञेश्वररावांना त्या वेळी किंचित शरम वाटली. ती त्यांनी नीट घडी घालून बाजूला ठेवली.

एकादशीपासून गोळी बंद झाली. आठवड्याच्या वारांची डबी सुलूताई स्वतः भरत आणि सकाळी पोह्यांच्या बशीशेजारी गोळी आठवणीने ठेवत. यज्ञेश्वरराव ती उचलत, पाणी पीत आणि गोळी मुठीत ठेवून टेबलापाशी जात. ती फेकून देणे त्यांना शक्य नव्हते. वस्तू फेकणे दफ्तरदारांच्या कुळाचारात बसत नाही. ते खणातल्या जुन्या चष्म्याच्या घरात गोळी ठेवत आणि खण पुन्हा काटकोनात बंद करत.

चमत्कार व्हायला वेळ लागला नाही. चेहऱ्याचा चंद्र उतरू लागला. मराठी मंडळाचा कार्यवाह सुहास रस्त्यात भेटला तर स्कूटर थांबवून म्हणाला, "काका, काय फिट दिसून राहिले! काय सीक्रेट आहे?"

"आत्मनिर्भरता," यज्ञेश्वरराव म्हणाले.

बाकीच्या लक्षणांसाठीही त्यांनी एकेक कप्पा तयार ठेवला होता. खांदे पुन्हा आखडू लागले, तो हवेतला दमटपणा. अन्नाची चव गेली, तो चातुर्मासाचा जिभेवरचा विजय. खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येई, त्याचे कारण उठण्यातली घाई. जिना चढताना पाय मेणाचे होत. जिना जुना होता. एखाद्या विद्यार्थ्याने चार लक्षणांना चार वेगळी कारणे लिहिली असती, तर यज्ञेश्वररावांनी त्याला वर्गात उभे करून विचारले असते, "या चौघांचा बाप एकच असू शकतो, हे तुझ्या डोक्यात आलं नाही का?" स्वतःला वर्गात उभे करण्याची पद्धत मात्र त्यांनी कधी पाळली नव्हती.

याच सुमारास ईरा चार दिवसांच्या सुट्टीवर येणार असल्याचे कळले. सुहासने ताबडतोब मंडळात तिचे व्याख्यान ठरवले. सोमवारी सवारीमुळे रस्ते बंद असतात म्हणून वार रविवारचा घेतला. अध्यक्षस्थानी अर्थातच आजोबा. यज्ञेश्वररावांनी समारोपाचे भाषण लिहायला घेतले आणि त्याचा कळसही ठरवून टाकला. नातीने उंदरांत जे पाहिले, ते आजोबाने स्वतःच्या देहात सिद्ध केले, असे म्हणून ते चष्म्याचे ते घर सभेसमोर उघडणार होते. टाळ्यांसाठी त्यांनी भाषणात जागाही सोडली होती.

ईरा आली, पाया पडली आणि उठताना त्यांच्या मनगटाकडे बघत राहिली. "आबा, केवढे बारीक झालात! बी.पी. बघू?"

"तू उंदरांची डॉक्टर आहेस. मी उंदीर नाही."

"उंदीर निदान खोटं बोलत नाहीत," ईरा म्हणाली. तिने ते सहज म्हटले होते, पण यज्ञेश्वररावांच्या हातातला चहा बशीत सांडला.

रविवारी सकाळी त्यांना उलटी झाली. दुपारी पुन्हा झाली. सुलूताईंनी आदल्या दिवशीच्या साबुदाण्याच्या खिचडीला दोषी ठरवून श्रीधरांना फोन लावला. यज्ञेश्वरराव आतल्या खोलीत पडून ऐकत होते.

"हो, पोट बिघडलंय. ताप नाही... गोळी ना? रोजची रोज चालू आहे, डॉक्टर. डबी मी स्वतः भरते, माझ्यासमोर घेतात."

एवढ्यावर श्रीधरांनी मीठ-साखरेचे पाणी द्यायला सांगितले आणि संध्याकाळी सभेत भेटूच, म्हणाले. यज्ञेश्वररावांनी छताकडे पाहिले. आत्ता हाक मारून सांगावे, असे त्यांना वाटले. पण मग सुलूने गल्लीभर सांगितलेल्या नेमाचे काय? आणि भाषणाच्या कळसाचे? संध्याकाळी सगळे एकदमच, रीतसर सांगू, असे त्यांनी ठरवले. त्यांनी चष्म्याचे घर खिशात घातले आणि ते कोट चढवून बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हाताला कोटाची बटणे सापडत नव्हती. ती सुलूताईंनी लावली.

"नका जाऊ. सुहास चालवून घेईल."

"अध्यक्षाशिवाय सभा म्हणजे बाजार."

मंडळाचे सभागृह भरले होते. पहिल्या रांगेत सुलूताई मांडीवर पाण्याची बाटली घेऊन बसल्या होत्या. डॉ. श्रीधर मागच्या दाराजवळ उभे होते. त्यांना व्याख्यान संपताच इंदूरला निघायचे होते. यज्ञेश्वरराव अध्यक्षांच्या खुर्चीत अत्यंत ताठ बसले, कारण किंचित वाकले तर आपण तसेच खाली जाऊ, अशी त्यांना भीती वाटत होती.

ईरा छान बोलली. थायमसचे परीक्षा-केंद्र, उंदरांची पिल्ले, तिथल्या तिथे बनणारी सूक्ष्म मात्रा, सारे तिने घरगुती मराठीत सांगितले. यज्ञेश्वररावांच्या कानांत घूं-घूं होत होते, पण प्रत्येक वाक्यासरशी आपला कळस उंच होत चालला आहे, असे त्यांना वाटत होते. मग कुणीतरी श्रोत्यांतून विचारले, "ताई, मग जे लोक स्टेरॉइडच्या गोळ्या खातात, त्यांनी त्या बंद केल्या तर चालेल का? शरीर बनवतंच आहे ना?"

"नाही!" ईरा इतक्या चटकन म्हणाली की माइकने शीळ घातली. "आपल्याकडे नळाला पाणी गंभीर नदीच्या धरणातून येतं. शिवाय आमच्या आबांच्या अंगणात एक बोरिंग आहे. आता, अधिवृक्क ग्रंथी म्हणजे गंभीर. ती गावभर पाणी देते, रक्तातून. थायमस, प्लीहा, या गाठी म्हणजे घरोघरचं बोरिंग. बादलीभर पाणी, त्याच घरापुरतं. ते गल्लीच्या टाकीत चढत नाही. आमच्या आबांनी एका उन्हाळ्यात चढवायचा प्रयत्न केला होता. काय झालं, आजी?"

"मोटर जळली!" सुलूताई पहिल्या रांगेतून म्हणाल्या. सभागृह हसले. बँकवाले सर्वांत मोठ्याने हसले, कारण त्या दिवशी धूर त्यांच्या घरात गेला होता.

"गोळी बरेच दिवस घेतली की धरणाचं दार बंद होतं," ईरा पुढे म्हणाली. "गोळी अचानक थांबवली तर धरणही बंद आणि टँकरही बंद. माणूस वाळत जातो, जेवण जात नाही, उठताना चक्कर येते, मग उलट्या. घरच्यांना वाटतं, पोट बिघडलं. लिंबूपाणी देतात आणि झोपवतात. गोळी बंद केली आहे हे त्याने स्वतः सांगितलं नाही ना, तर तो माणूस झोपेतून उठत नाही."

पहिल्या रांगेत सुलूताई बाटलीचे झाकण उघडून त्यात लिंबू पिळत होत्या.

यज्ञेश्वररावांनी ते पाहिले. आयुष्यात प्रथमच त्यांच्या मनातले सारे कप्पे एकदम उघडले आणि सगळी लक्षणे एकाच ढिगात येऊन पडली. खिशातल्या घरावर त्यांचा हात होता. समोर सुलू होती. तिने आज दुपारी डॉक्टरांना जे सांगितले, ते तिच्या परीने खरे होते. आता ते गप्प राहिले, तर ती त्यांना रिक्षात घालून घरी नेईल, पांघरूण घालील आणि दिवा मालवील, आणि उद्या लोक तिला विचारतील, "तुम्हाला काही कळलं नाही का हो?" उंदरांवर एवढे संशोधन केलेली ईरा स्वतःला काय विचारील, याचा विचार ते पुरा करू शकले नाहीत. मागे श्रीधरांनी घड्याळ पाहून दाराची कडी काढली.

"आता अध्यक्षीय समारोप," सुहास म्हणाला.

यज्ञेश्वरराव टेबल धरून उभे राहिले. लिहिलेले भाषण त्यांनी बाजूला सारले. सारताना त्याच्या कडा मात्र टेबलाच्या कडेशी जुळवल्या.

"सभाजन हो. वक्त्यांनी आत्ता ज्या मूर्ख माणसाचं वर्णन केलं, तो काल्पनिक नाही. तो अध्यक्षस्थानी आहे."

हशा पिकला. टाळ्याही पडल्या. यज्ञेश्वररावांच्या तिरकस बोलण्याची मंडळाला वर्षानुवर्षांची सवय होती. सुहास तर पुढच्या विनोदाची वाट पाहत तोंडावर हात धरून तयारच बसला. जन्मभर लोकांना टोमणे मारून मिळवलेली कीर्ती अशी ऐनवेळी उपयोगाला आली.

"हसू नये," ते म्हणाले. लोक आणखी हसले. "आषाढी एकादशीपासून मी गोळी घेतलेली नाही. हा पुरावा." चष्म्याचे घर त्यांनी उघडले. ते हातातून निसटले. गोळ्या टेबलावर, टेबलावरून जमिनीवर आणि जमिनीवरून पहिल्या रांगेपर्यंत टपटपत गेल्या. हशा एकदम थांबला. "सुलू खोटं बोलली नाही. मी तिला फसवलं. डॉक्टर श्रीधर, आपण दारापर्यंत गेला आहात, कृपया परत यावं. आभारप्रदर्शन..."

आभारप्रदर्शन झाले नाही. यज्ञेश्वरराव खुर्चीवरून खाली घसरले. त्यांना शेवटचे आठवते ते एवढेच की ईराने त्यांचे डोके मांडीवर घेतले होते आणि श्रीधर कुणावर तरी ओरडत होते, "लिंबूपाणी नको, हायड्रोकॉर्टिझोन! गाडी काढा, गाडी!"

रुग्णालयात शिरेतून स्टेरॉइड आणि सलाइन गेल्यावर ते परत आले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडून पाहिले, तर लांबून सवारीच्या झांजा ऐकू येत होत्या आणि उशाशी सुलूताई, ईरा आणि श्रीधर तिघेही बसले होते. यज्ञेश्वररावांना वाटले, आपणच विषय काढावा.

"प्लीहेकडून माझी अपेक्षा जरा जास्त झाली."

"प्लीहेला नावं नका ठेवू," ईरा म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "तिने तिचं काम केलं. आणि थायमस म्हणाल, तर तुमच्या वयात तिथे थायमस उरतच नाही. चरबी असते. लहानपणीच आकसायला लागते ती."

यज्ञेश्वररावांनी डोळे मिटून घेतले. 'वयानुसार थायमस ग्रंथीत होणारे बदल' हा प्रश्न त्यांनी स्वतः कितीतरी प्रश्नपत्रिकांत घातला होता.

"सर," श्रीधर सलाइनची नळी तपासत म्हणाले, "एक गुण कापू का?"

"सगळे काप. आणि इंदूरचं तुझं काम माझ्यामुळे राहिलं..."

"ते राहू द्या. काल फोनवर माझ्याकडूनही तुम्हालाच विचारायचं राहून गेलं. काकूंना विचारलं, तुम्हाला नाही."

श्रीधर बाहेर गेल्यावर सुलूताई म्हणाल्या, "मी गल्लीभर सांगत फिरले, ह्यांनी नेम धरला म्हणून. काय खुश होते मी."

याला यज्ञेश्वररावांकडे कोणताच कप्पा नव्हता. त्यांनी तिचा हात धरला. तो तिने सोडवून घेतला नाही, पण लगेच दाबलाही नाही.

"नेम मोडला आता," ते म्हणाले. "प्रायश्चित्त काय?"

"विचारून आले मी रामघाटावर, सकाळीच, गुरुजींना. ते म्हणाले, औषध सोडायचा नेम शास्त्रातच नाही, तर मोडणार काय? तो नेम नव्हता, हट्ट होता." त्यांनी पांघरूण सरळ केले. "पण मी वेगळं ठरवलंय. चातुर्मास संपेपर्यंत तुम्ही दुसरं काही सोडायचं. मी सांगीन ते."

"सांग."

"समजावून सांगणं सोडा."

ईरा पहिल्यांदा हसली. यज्ञेश्वररावांना कारण समजावून सांगायचे होते की हा नेम व्यवहारात कसा कठीण आहे, पण तोंड उघडताच नेम मोडेल, हे लक्षात येऊन त्यांनी मान डोलावली.

आता रोज सकाळी पोहे खाऊन झाले की सुलूताई गोळी त्यांच्या तळहातावर ठेवतात आणि तीर्थ घ्यायला लावल्यासारखी समोर उभ्या राहून घ्यायला लावतात. मग म्हणतात, "आ करा." यज्ञेश्वरराव तोंड उघडून जीभ वर करून दाखवतात. शेजारचे बँकवाले कधीकधी कुंपणावरून हा सोहळा पाहतात. जिना उतरायला सुरुवात झाली आहे, एकेक पायरी, डॉक्टर सांगतील तेव्हा. खांदे पुन्हा मोकळे झाले आहेत. चेहऱ्याचा चंद्र परत उगवला आहे आणि आरशातल्या त्या हलवायाशी त्यांची आता बोलचाल आहे.

ईराने बंगळूरहून फोन केला. तिला एका सभेत हेच व्याख्यान पुन्हा द्यायचे होते.

"आबा, तुमचं उदाहरण सांगितलं तर चालेल? नाव नाही घेणार. मी लिहिलंय, 'उज्जैनमधील एका हट्टी वृद्धाने...'"

"चूक. अपुरं आहे," यज्ञेश्वरराव म्हणाले. "हट्टी वृद्ध पुष्कळ असतात. त्यातून कोणी काही शिकणार नाही. 'ज्याने हा विषय जन्मभर शिकवला, अशा एका वृद्धाने' असं लिही. आणि ते बोरिंग..."

"आ करून झालं ना?" सुलूताई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "मग फोन द्या इकडे. समजावून सांगणं चालू झालंय."

यज्ञेश्वररावांनी फोन दिला.